मोटारीचा ताप

माझ्या वडिलांच्या उजव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, एक पांढरट, सुरकुतलेला पट्टा होता. लहानपणी आम्हां भावंडांना तो वाघाच्या पंजाचा वाटे. चांदा जिल्ह्यात, मूलसारख्या जंगलाच्या तोंडाशी वसलेल्या गावात, मुलांना दुसरे काय वाटणार! वडीलही आमचा समज बरीच वर्षे मोडीत नसत. पुढे मी गिरणीच्या इंजिनावर हात काळे करू लागलो, तेव्हा एका दुपारी त्यांनी खरी हकीगत सांगितली. तो पट्टा वाघाचा नव्हता. तो मोटारीच्या पाण्याचा होता.

साल १९४३. वडील तेव्हा अठरा वर्षांचे आणि चांद्याहून मूलकडे येणाऱ्या एका मोटारीवर क्लीनर. वैशाखातली दुपार. चिचपल्लीच्या पुढे जंगलातल्या रस्त्यावर गाडी गुरगुरत उभी राहिली. रेडिएटरच्या तोंडातून फुस्स फुस्स आवाज येत होता. ड्रायव्हर सावली पाहून बिडी पेटवायला गेला, आणि नव्या उमेदीच्या क्लीनरने फडके गुंडाळून झाकण फिरवले. पुढचे सांगायला नकोच. वडील एवढेच म्हणाले, "बैलाले दम लागते, तसाच मशीनले लागते. दमल्या बैलाच्या तोंडात कोनी हात घालते का?"

ही गोष्ट आज, ऐंशी वर्षे उलटल्यावर, दिवाळी अंकाच्या वाचकांपुढे मांडण्याचे कारण माझा नातू. तो पुण्याला नोकरी करतो आणि पगारातला शिल्लक पैसा, व थोडा शिल्लक नसलेलाही, एका मोटारीत घालतो. मोटार साधीच, घरगुती. पण तिला त्याने मोठा टर्बो बसवून घेतला आहे आणि वर्षातून दोनतीनदा तो ती शर्यतीच्या ट्रॅकवर नेतो. गेल्या वर्षी कोइंबतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवरून त्याचा फोन आला. काटा तांबड्यात गेला होता, बॉनेटखालून वाफ येत होती आणि तो विचारीत होता, "आबा, झाकण उघडून पाणी घालू का?" मी ओरडलो असेन, कारण स्वयंपाकघरातून घरची माणसे धावत आली.

तो हात वाचला. नंतर आम्ही दोघे बरेच दिवस फोनवर या तापाचा विचार करीत होतो. आणि विचार करता करता मला दिसू लागले की या प्रश्नाला शंभरावर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातली काही पाने आमच्या जंगलातही लिहिली गेली आहेत.

मूळ गोष्ट मोठी गमतीची आहे. आमच्या गावावरून गोंदियाहून चांदा फोर्टला जाणारी छोटी गाडी जात असे. हा मार्ग रुंद झाला तो १९९०च्या दशकात; त्याआधी अरुंद रुळांवरून धापा टाकणारे वाफेचे इंजिन आम्ही पोटभर पाहिले आहे. त्या इंजिनाचा सारा पुरुषार्थ पाणी उकळण्यात. मोटारीच्या इंजिनाची अब्रू मात्र पाणी उकळू न देण्यात! दोघांनाही आग हवी. पण एकाला ती पाण्यात उतरवायची असते आणि दुसऱ्याला पाण्याकडून बाहेर घालवायची असते. पेट्रोलच्या इंजिनात जितकी उष्णता निर्माण होते, तिच्यातला ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. तितकाच किंवा थोडा अधिक भाग धुराबरोबर निघून जातो. उरलेला भाग लोखंडात शिरतो. तो वेळेवर काढून घेतला नाही तर तेल पातळ होते, पिस्टन फुगतो, हेड वाकते आणि मोटार रस्त्याच्या कडेला बसते.

कार्ल बेंझने १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीत पाणी उकळून उडून जाई, आणि गेले तेवढे परत ओतावे लागे. पाऊण अश्वशक्तीच्या यंत्राला ते चालून गेले. खरी अडचण आली ती शक्ती वाढू लागल्यावर. १९००च्या सुमारास एमिल येलिनेक नावाच्या एका हौशी, श्रीमंत गृहस्थाने डाइमलर कारखान्याकडे पस्तीस अश्वशक्तीची गाडी मागितली. आणि अट घातली की तिला आपल्या मुलीचे नाव द्यायचे. मुलीचे नाव मर्सिडीज. वय सुमारे अकरा! कारखान्याचा कल्पक इंजिनिअर विल्हेल्म मायबाख याने त्या गाडीच्या तोंडावर मधमाशांच्या पोळ्यासारखा एक रेडिएटर बसवला. त्यात सहा मिलिमीटर चौरस तोंडाच्या ८०७० नळ्या होत्या. नळ्यांमधून वारा जाई, नळ्यांभोवतीच्या फटींतून पाणी फिरे. पूर्वी अशा गाडीला अठरा लिटर पाणी वागवावे लागे. आता नऊ पुरले. मार्च १९०१ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरी ही गाडी धावली आणि तिने बाकीच्यांची तोंडे उतरवली. आज रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक मोटार त्या पोळ्याची वंशज आहे.

हिंदुस्थानात मोटारींची पहिली मोठी दौड १९०४ साली झाली. मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने ती दिल्ली ते मुंबई अशी ८१० मैलांची भरवली होती.

पंप नसतानाही पाणी फिरवता येते, हे मी पुस्तकात वाचण्याआधी भाताच्या गिरणीत पाहिले. मूल हे भाताचे गाव. उमा नदीच्या काठाने, तळ्यांच्या आश्रयाने धान पिकते आणि गावातल्या गिरण्यांत त्याचा तांदूळ होतो. वीज येण्याआधी या गिरण्या तेलाच्या इंजिनांवर चालत. इंजिनाशेजारी माणसाच्या उंचीची लोखंडी टाकी असे; दोन नळ, एक वर, एक खाली. इंजिनात तापलेले पाणी हलके होऊन वरच्या नळाने टाकीत चढे, गार झालेले खालच्या नळाने परत इंजिनात येई. ना पंप, ना पट्टा. फोर्डच्या टी मॉडेलच्या बहुतेक सगळ्या गाड्यांत, म्हणजे १९०८ ते १९२७ या काळातल्या कोटी-दीड कोटी मोटारींत, हीच युक्ती होती. आमच्या टाकीचा आणखी एक उपयोग असे: पौषातल्या थंडीत गिरणीवरचे हमाल त्या पाण्याने आंघोळ करीत, आणि मालक दिसला की बादली लपवीत. इंजिनाची उष्णता इतकी सत्कारणी लागलेली मी पुन्हा पाहिली नाही.

आता वडिलांच्या त्या मोटारीकडे वळतो; कारण माझ्या नातवाच्या टर्बोचे कोडे सुटले ते तिच्यामुळे. युद्धकाळात पेट्रोलचे रेशनिंग आले आणि मोटारमालकांनी कोळशाच्या गॅसचा आसरा घेतला. जुन्या वाचकांना ती ध्याने आठवत असतील. गाडीच्या मागे किंवा बाजूला एक उभे लोखंडी पिंप. त्यात लाकडी कोळसा भरायचा, खालून पेटवायचा, आणि हवा मात्र बेताचीच द्यायची. अर्धवट जळलेल्या कोळशातून जो वायू निघतो तो पेट घेणारा असतो आणि विषारीही असतो. तो नळाने इंजिनाकडे न्यायचा. सकाळी गाडी सुरू करायची म्हणजे क्लीनरने आधी पंख्याचा दांडा फिरवून भट्टी फुलवायची. मग दहापंधरा मिनिटांनी, देवाची इच्छा असेल तर, इंजिन पकडणार. पेट्रोलच्या मानाने ताकद तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्याने कमी. चढ आला की प्रवाशांनी उतरावे, पुरुषांनी ढकलावे, बायकांनी पोरे कडेवर घेऊन चालावे. चांदा जिल्ह्यात कोळशाला तोटा नव्हता, एवढीच सोय!

पण त्या यंत्रात एक भाग असा होता की ज्याकडे मी कधी लक्ष दिले नव्हते. वडील त्याला नुसते 'पाइपा' म्हणत. भट्टीतून निघालेला वायू तडक इंजिनात सोडीत नसत. गाडीच्या पोटाखालून लांबलचक नळ्या फिरवीत, त्या नळ्यांतून वायू गार होई, ओल गळून पडे, मग तो गाळणीतून इंजिनात जाई. आमचा ड्रायव्हर म्हणे त्या नळ्यांवर ओली पोती टाकायला लावी. का? कारण तापलेला वायू फुगतो. सिलिंडरची जागा तेवढीच. फुगलेला वायू घेतला तर माल कमी मावतो. पायलीत लाह्या भराव्यात तसे. गार वायू म्हणजे धान. पायली तीच, पण वजन भरते.

टर्बो लावलेल्या मोटारीची गोष्ट याहून निराळी नाही. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनाचा जो धूर फुकट बाहेर जातो त्याच्या जोरावर एक चक्र फिरवायचे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवायचे आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून शक्ती जास्त. विमानाच्या इंजिनाला उंचावर विरळ हवेत दम लागतो, त्यावर हाच उपाय सॅनफर्ड मॉस या अमेरिकन इंजिनिअरने केला. १९१८ साली त्याने लिबर्टी जातीचे एक विमान-इंजिन ट्रकवर घालून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या १४,१०९ फूट उंचीच्या डोंगरावर नेले. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन माथ्यावर २३० पर्यंत उतरले होते. टर्बो लावताच ३५६ झाले.

परंतु हवा दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाचे खालचे टोक ज्याने हाताने धरले आहे त्याला हे शिकवायला नको. आमच्या मूलच्या उन्हाळ्यातली, चाळीस अंशांची हवा घ्या आणि टर्बोने तिचा दाब दुप्पट करा. बाहेर पडताना तिचे उष्णतामान जवळजवळ एकशे चाळीस अंशांवर गेलेले असते. म्हणजे एका हाताने कोंबले आणि दुसऱ्या हाताने फुगवले! शिवाय एवढी तापलेली हवा पेट्रोलला वेळेआधीच भडकवते. इंजिन ठोकू लागते, आणि ठोके पिस्टनला भोके पाडतात. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये जाळीचा एक चौकोनी डबा बसवतात, ज्याला इंटरकूलर म्हणतात. त्यातून जाताना हवा साठ अंशांपर्यंत उतरली तर त्याच जागेत जवळजवळ पाव हिश्श्याने अधिक हवा मावते. नातवाने हे सारे मला मोठ्या अभिमानाने समजावून सांगितले. मी म्हटले, "बाळ, हे तर तुझ्या पणजोबांचे पाइप!" फोनवर थोडा वेळ शांतता होती.

शर्यतीच्या मैदानावर टर्बोने पहिला नाव घेण्याजोगा पराक्रम केला तो १९५२ साली, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत. कमिन्स कंपनीने तिथे डिझेलची गाडी आणली! इंजिन आडवे निजवलेले, त्यावर टर्बो. फ्रेडी अगाबाशियन या चालकाने पात्रता फेरीत ताशी १३८ मैलांचा वेग काढून पहिली जागा पटकावली. बघणारे थक्क झाले. शर्यतीत मात्र दोनशेपैकी एकाहत्तर फेऱ्या झाल्या आणि गाडी बाहेर आली. टर्बोचे हवा ओढायचे तोंड खाली, रस्त्याजवळ ठेवले होते. टायरांच्या झिजलेल्या रबराचे तुकडे त्यात जाऊन ते चोंदले. म्हणजे गळा दाबला गेला. या कंपनीशी हातमिळवणी करून १९६२ साली पुण्याच्या कोथरूडला किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना उभा राहिला. ज्या घराण्याने 'किर्लोस्कर' मासिक मराठी घरांत पोहोचवले, त्याच घराण्याने इंजिनेही पोहोचवली. दिवाळी अंकात हा योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही.

त्याच १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर नावाची घरगुती मोटार टर्बोसह विकायला आली. तिला इंटरकूलर नव्हता. त्याऐवजी इंजिनात जाणाऱ्या हवेत शुद्ध पाणी आणि मेथिल अल्कोहोल यांच्या मिश्रणाचे तुषार सोडीत. त्यासाठी वेगळी टाकी आणि मिश्रणाला 'टर्बो रॉकेट फ्लुइड' असे थाटाचे नाव. उन्हाळ्यात अंगणात सडा टाकावा, तसला प्रकार. उपाय उत्तम, पण टाकी भरायची आठवण कोण ठेवणार? टाकी रिकामी झाली की गाडी आपणहून टर्बोचा जोर कमी करी, आणि मालक तक्रार घेऊन दारात येई. दोन वर्षांत ती गाडी बंद झाली. दोष यंत्राचा की माणसाचा, हा वाद मी घालणार नाही. रोज देवापुढे पाणी ठेवणारा माणूसही रेडिएटरकडे महिनोन्‌महिने पाहत नाही, हा माझा अनुभव आहे.

१९७७ साली रेनोने ग्रां प्रीच्या शर्यतीत टर्बोची पिवळी गाडी उतरवली. ती वारंवार वाफ सोडून थांबे, म्हणून प्रतिस्पर्ध्यांनी तिचे नाव ठेवले 'पिवळी चहादाणी'. १९७९ साली फ्रान्समधल्या दिजाँ येथे त्याच रेनोने दोन टर्बो लावून शर्यत जिंकली, तेव्हा हसणारे घरी जाऊन टर्बो शोधू लागले.

आपल्याकडे मोटारींच्या शर्यती झाल्या त्या जुन्या विमानतळांवर. मुंबईला जुहूवर आणि मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर. तिथे मुंबईच्या कुर्ल्यात तयार झालेल्या फियाट गाड्या, आतून बाहेरून बदलून, जिवाच्या करारावर धावत. शोलावरमनंतर मद्रासजवळच इरुंगट्टुकोट्टईचा पक्का ट्रॅक १९९०च्या सुमारास तयार झाला, आणि करिवर्धन यांच्या नावाचा कोइंबतूरचा ट्रॅक २००३ साली. पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या जातीच्या टर्बो-डिझेल गाड्यांची शर्यतमालिका २०१० साली या ट्रॅकांवर सुरू झाली. नातवाच्या डोक्यातले वेड तिथून आलेले.

आता त्याची गाडी का तापली? पुण्याच्या रस्त्यावर ती कधी तापली नव्हती. हेच त्याला कोड्यात टाकत होते. उत्तर साधे आहे. सपाट रस्त्यावर ताशी ऐंशी किलोमीटरने जायला मोटारीला पंधरावीस अश्वशक्ती पुरतात. इंजिन दोनशेचे असले तरी बाकीची शक्ती झोपलेली असते. ट्रॅकवर वळण सोडले तर पाय खालीच. दोनशेच्या दोनशे जाग्या होतात. अशा वेळी पाण्यात उतरणारी उष्णता जवळजवळ दोन किलोवॅटचे पन्नास गिझर एकदम लावावेत इतकी असते. रस्त्यासाठी केलेल्या रेडिएटरने ती कुठे टाकावी?

त्यातून त्याने एक घोटाळा केला होता. मोठा इंटरकूलर नेमका रेडिएटरच्या तोंडावर बसवला होता. बिचाऱ्या रेडिएटरला मिळे ती दुसऱ्याच्या पंगतीतून उठलेली, आधीच तापलेली हवा. आणि दोहोंच्या कडेने चारचार बोटे फटी! वारा हा आळशी प्राणी आहे. जाळीतून घुसायचे कष्ट टाळून तो फटीतून निघून जातो. मी त्याला फोटो पाठवायला लावले, आणि खुणा करून परत पाठवले: कडेच्या फटी पत्र्याने आणि स्पंजाच्या पट्टीने बुजव, बॉनेटला मागच्या अंगाला वाट ठेव, कारण आत शिरलेल्या वाऱ्याला बाहेर पडता आले नाही तर नवा शिरत नाही, इंटरकूलर थोडा खाली घे, जाड रेडिएटर आणि तेलासाठी वेगळा कूलर बसव. पंख्यावर भिस्त ठेवू नकोस. ताशी साठाच्या पुढे वाराच पंख्याहून अधिक काम करतो. मेकॅनिक मंडळींत थर्मोस्टॅट काढून टाकण्याची खोड आहे. ती मला पसंत नाही.

आणि झाकण. आजच्या रेडिएटरचे झाकण पाणी दाबाखाली ठेवते. त्यामुळे पाणी शंभराऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळते आणि इंजिनाला थोडी सवड मिळते. पण त्याच दाबामुळे एकशेपंधरा अंशांचे पाणी आत शांत बसलेले असते; झाकण फिरवताच त्यातल्या काहीची वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा मागते. १९४३च्या मोटारीपेक्षा आजची मोटार या बाबतीत जास्त घातकी आहे. हे मी नातवाला तीनदा सांगितले. चौथ्यांदा त्याच्या आजीने सांगितले.

त्याला सर्वांत जड गेली ती शेवटची सूचना: तीनचार फेऱ्या जोरात काढल्या की एक फेरी हळू काढायची, आणि थांबल्यावर लगेच इंजिन बंद करायचे नाही. टर्बोचे चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असते आणि धुराच्या झळीने लाल झालेले असते. इंजिन बंद केले की त्याच्याकडे जाणारे तेल थांबते, आणि जागच्या जागी जळून कोळसा होते. "एवढी फेरी वाया घालवायची?" तो म्हणाला. मग मी त्याला शंकरपटाची आठवण दिली. आमच्या झाडीपट्टीत पट म्हणजे गावाचा सण. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या होत्या, पुढे नवा कायदा झाला आणि २०२३ साली घटनापीठाने तो मान्य केला. आता पट पुन्हा भरतात. पट मारून आलेल्या जोडीला कोणता शहाणा शेतकरी जागेवर बांधतो? आधी तो तिला पटाच्या टोकाला फिरवतो, नाकपुड्या शांत होऊ देतो, घाम वाळू देतो, पाणी त्यानंतर. नातू लहानपणी माझ्या खांद्यावर बसून हे पाहत असे.

या माघात तो पुन्हा कोइंबतूरला गेला. गाडीच्या कर्जाचे दोन हप्ते नव्या हेडने खाल्ले होते, म्हणून त्याच्या आईने अबोला धरला होता. संध्याकाळी फोन आला. वीस मिनिटांच्या चार खेपा झाल्या; काटा पंच्याण्णवच्या वर गेला नाही; एकदाच एकशेचारला टेकला, तेव्हा त्याने पाय उचलून हीटर पूर्ण सोडला आणि घामाने निथळत एक फेरी हळू काढली.

"आणि झाकण?" मी विचारले.

"दीड तासाने उघडलं, आबा. हात टेकवून पाहिलं, गार होतं. पेलाभर पाणी कमी निघालं."